ताण द्यायचा तो केव्हा?

खो-खोच्या सरावाची पहिली दहा मिनिटं कशी घालवावीत, एवढाच वादाचा विषय. वाद घालणारे दोघं. एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आजही रोज संध्याकाळी मैदानावर हजर असणारे. दुसरी त्यांच्याच हाताखाली खेळून पुढे फिजिओथेरपिस्ट झालेली. ती पुण्यात खेळाडूंवर उपचार करते, आणि गावी आली की मैदानावर चक्कर टाकल्याशिवाय तिला राहवत नाही. सर तिला अजून ‘पोरी’ म्हणतात, मैदानावरची मुलं ताई म्हणतात. मीही ताईच लिहितो. दोघांचं बोलणं टिपून घेताना मध्ये नाक खुपसायचा मोह मला आवरला नाही.

वाद सुरू झाला तेव्हा मुलं गोल करून बसली होती. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, कपाळ गुडघ्याला टेकवायची धडपड, आणि मधोमध उभे राहून सर आकडे मोजत होते.

ताई: सर, हे आता बंद करा.

सर: काय बंद करू? मोजायचं का ताणायचं?

ताई: सरावाआधी तरी दोन्ही. अंगाला घाम नाही, स्नायू थंड आहेत, आणि ही मुलं मांडीची मागची बाजू ओढून धरतायत. पाच मिनिटांनी त्याच स्नायूकडून तुम्हाला खांबापर्यंत सुसाट धाव हवी असते.

सर: तूही याच गोलात बसून शिकलीस. राज्य खेळलीस. तेव्हा काही बिघडलं?

ताई: बिघडलं नाही म्हणजे बरोबर होतं, असं थोडंच आहे?

सर: बरं, मग ऐक. मी कॉलेजात होतो तेव्हा पायाचे अंगठे धरायला लावायचे, झटके देत देत. एक-दोन, एक-दोन. मग एका शिबिरात सांगितलं, झटके बंद करा, झटका दिला की स्नायू उलट आखडतो. जाईल तिथपर्यंत जा आणि धरून ठेवा. आम्ही मुकाट ऐकलं. आता तू म्हणतेस धरू नका, हलवा. उद्या तुझी पोरगी येईल आणि म्हणेल, झोपून राहा.

ताई: शिबिरातलं चूक नव्हतं. 1960 नंतर लगेचच अमेरिकेत हर्बर्ट डी व्ह्रीज यांनी झटक्यांची आणि धरून ठेवण्याची, अशा दोन्ही पद्धती शेजारी ठेवून तपासल्या. लवचीकता दोन्हींनी सारखीच वाढली. मग ज्यात धोका कमी ती पद्धत घ्या, असं ठरलं. 1975 मध्ये बॉब अँडरसन यांचं ‘स्ट्रेचिंग’ नावाचं पुस्तक आलं आणि ते व्यायामशाळेपासून घराघरापर्यंत पोचलं. पण त्या सगळ्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता: अंग किती वाकतं? ताणून झाल्या झाल्या उडी किती जाते, हे फारसं कुणी मोजत नव्हतं.

सर: मग मोजलं कोणी?

ताई: 1998 मध्ये कोक्कोनेन, नेल्सन आणि कॉर्नवेल या तिघांनी मोजलं. पायाचे स्नायू नीट ताणून घेतले आणि लगेच जास्तीत जास्त वजन उचलायला लावलं. ताकद सात-आठ टक्क्यांनी उतरली होती. दोन वर्षांनी कॅनडात पोटरी एकूण अर्धा तास ताणून पाहिली, तर तासाभरानंतरही ताकद पूर्ववत झालेली नव्हती.

सर: अर्धा तास? अगं, इथे कोण बसतंय अर्धा तास? तसा ताण दिला तर माझं म्हातारं गाढवसुद्धा चालायचं थांबेल.

(सरांचा हा आक्षेप रास्त आहे. ताणाच्या विरोधात उठलेली पहिली लाट अशाच अतिरेकी मात्रांवर उभी होती, आणि ‘धरलेला ताण खेळाडूला कमकुवत करतो’ हे वाक्य मात्रा गाळून सगळीकडे फिरलं.)

ताई: मान्य. म्हणूनच पुढे मात्रा धरून हिशेब झाला. डेव्हिड बेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये तोवरचे सगळे प्रयोग एकत्र मांडले. धरून ठेवलेल्या ताणाने कामगिरी सरासरी 3.7 टक्क्यांनी घटते, हलत्या ताणाने 1.3 टक्क्यांनी वाढते. पण खरा आकडा पुढे आहे. एका स्नायूला साठ सेकंदांपेक्षा कमी ताण दिला तर घट जेमतेम 1.1 टक्का. साठच्या वर गेलात की 4.6.

सर: झालं तर मग! मी वीसपर्यंत मोजतो, दोनदा. चाळीस सेकंद. तुझ्या शास्त्रातसुद्धा मी पास.

इथे मला बोलणं भाग पडलं, कारण बोलता बोलता माझा हात मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गेला होता. सरांचं ‘एक ते वीस’ म्हणजे घड्याळाचे पस्तीस सेकंद. ‘अकरा’ला ते एखाद्याच्या पाठीवर हात ठेवतात, ‘पंधरा’ला कुणाला तरी दम देतात, ‘अठरा’नंतर मुलं ओरडायला लागली की मुद्दाम थांबतात. पस्तीस दुणे सत्तर. मी हे सांगितल्यावर ताई हसली. सर हसले नाहीत.

सर: सेकंद मोजून कुणी खेळाडू घडतो का? आणि एक टक्का, चार टक्के म्हणजे शेवटी किती? तालुक्याच्या सामन्यात कुणाला दिसणार ते?

ताई: पन्नास सेंटिमीटर उडी मारणाऱ्याचे साडेचार टक्के म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. खांबाला धरून सूर मारताना बोटाची दोन पेरं रनरच्या पाठीला लागतात की हवेत राहतात, यावर गडी बाद होतो. तुम्हीच शिकवलंय.

सर: हे बरं लक्षात ठेवलंस.

ताई: यामागचं कारणही सांगते. ताण धरून ठेवला की स्नायू आणि त्याची कंडरा काही वेळ ढिली पडते. शिवाय मेंदूकडून स्नायूला येणारा हुकूमही थोडा मंदावतो. धावताना टाच टेकते तेव्हा कंडरा ताणली जाते आणि सुटताना साठवलेला जोर परत देते. गलोलीचं रबर सैल झालं तर दगड कुठवर जाणार? अँड्र्यू जोन्स यांनी 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचे चौतीस लांब पल्ल्याचे धावपटू तपासले. बसून पुढे वाकताना ज्यांचा हात कमी पोचत होता, त्यांनाच ठरावीक वेगाने धावायला कमी ऑक्सिजन लागत होता.

सर: म्हणजे ताठ पोरगा चांगला?

ताई: लांब पल्ल्याला थोडा ताठरपणा चालतो. तुमच्या खेळाला तेवढ्याने भागत नाही, हे मला कळतं.

हा मुद्दा ताईने घाईत उरकला, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. शारीरिक क्षमता अशी एकच एक गोष्ट नसते. खो-खोच्या सत्तावीस मीटर लांब मैदानावर आठ जण मध्यरेषेवरच्या चौरसांत उकिडवे बसलेले असतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. पाठीवर थाप आणि ‘खो’ कानावर पडला की त्या खोल बैठकीतून थेट वेगात सुटायचं. गुडघा, घोटा, नितंब पूर्ण दुमडलेला आणि पुढच्या क्षणी सगळं उलगडलेलं. इतक्या खोलातून इतक्या झटपट उठायला लावणारे खेळ थोडेच. इथे लवचीकताही लागते आणि स्फोटक ताकदही, आणि दोन्ही एकाच क्षणी. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला असे दोन्ही किताब जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. तेव्हा हा वाद आता केवळ शाळेच्या मैदानापुरता राहिलेला नाही.

सर: तेच म्हणतोय मी. तू धावपटूंचं सांगतेस, मला बसणाऱ्यांचं सांग. आजकालची पोरं बघ. जेवायला टेबल, शाळेत बाक, संडासातसुद्धा खुर्ची. उकिडवं बस म्हटलं की निम्म्यांच्या टाचा उचलतात, दोघं-तिघं मागे कलंडतात. यांच्या पोटऱ्या आणि जांघा मोकळ्या केल्याशिवाय मी त्यांना चौरसात बसवू कसा?

ताई: मोकळ्या करायलाच हव्यात. फक्त सामन्याच्या तोंडावर नको. आठवड्यांचं काम तुम्ही दहा मिनिटांत उरकायला बघताय. सराव संपल्यावर, अंग गरम असताना, अर्धा-एक मिनिट पोटरी धरा, जांघ धरा. घरी टीव्हीसमोर धरू देत. दीड-दोन महिने सलग केलं तर फरक पडतो.

सर: स्नायू लांब होतो?

ताई: गंमत तिथेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत लांबी फारशी वाढत नाही. मॅग्नुसन वगैरे संशोधकांचं म्हणणं असं की बदलते ती सहनशक्ती. ज्या टोकाला आधी ‘बास’ वाटायचं तिथे आता वाटत नाही, म्हणून पाय पुढे जातो.

सर: म्हणजे पोरगं धीट होतं.

ताई: तसंच म्हणा. आणि लवचीकतेसाठी ताणच हवा असंही नाही. पूर्ण टप्प्यातून ताकदीचा व्यायाम केला तरी लवचीकता वाढते. 2021 मध्ये अकरा प्रयोगांचा आढावा निघाला, ताण आणि ताकद यांत ठळक फरक सापडला नाही. म्हणजे टाच न उचलता खाली जाऊन केलेल्या बैठका, छाती जमिनीलगत नेऊन पुढे सरकवलेले जोर. तालमीत जे चालायचं तेच. तुम्ही ते शिबिराच्या नादाने सोडलंत.

सर: (जरा वेळाने) सोडलं खरं. पोरं कंटाळायची.

ताई: सूर्यनमस्कारांचंही तसंच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते लावले, पुढे राज्यभर पसरले. लयीत, श्वासाबरोबर घातले तर तो हलता ताण. प्रत्येक आसनात थांबून घातले तर धरलेला. सरावाआधी लयीत घाला, रात्री थांबून घाला. व्यायाम एकच, वापर दोन.

सर: आणि ते जोडीचं? एक जण उताणा, त्याचा पाय दुसऱ्याच्या खांद्यावर. आधी खालच्याने ढकलायचं, मग सोडायचं, मग वरच्याने रेटायचं. पोरांना लई आवडतं.

ताई: आवडणारच, दुसऱ्याला ओरडायला लावायला मिळतं ना! त्याला पीएनएफ म्हणतात. 1940च्या दशकात डॉ. हर्मन काबट आणि मार्गारेट नॉट यांनी ही उपचारपद्धती घडवली ती पोलिओ आणि पक्षाघाताच्या रुग्णांसाठी. खेळाडूंनी ती नंतर उचलली. लगेच टप्पा वाढवायला ती फार परिणामकारक. पण बेम यांच्या हिशेबात घटही तिचीच सर्वांत जास्त, 4.4 टक्के. सामन्याआधी नकोच. आणि बारा वर्षांच्या पोराच्या हातात दुसऱ्या बारा वर्षांच्या पोराचा पाय देऊन तुम्ही तिकडे पाठ फिरवता, ते मला बघवत नाही.

सर: तेवढं बंद करतो. पण मुख्य गोष्ट राहिलीच. ताण दिला नाही आणि उद्या एखाद्याची नस तुटली, तर त्याच्या बापाला उत्तर कोण देणार? तू पुण्यात असशील.

ताई: तुम्ही ताण देता म्हणून नस तुटत नाही, हे गृहीत धरलंय तुम्ही. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात पोप आणि सहकाऱ्यांनी 1538 नवशिक्या जवानांवर हे तपासलं. बारा आठवडे, अर्ध्यांनी कवायतीआधी पायांच्या सहा स्नायूंना ताण दिला, अर्ध्यांनी नाही. अंग गरम दोघांनी केलं. ताण देणाऱ्यांत 158 जखमी, न देणाऱ्यांत 175. सांख्यिकीच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नाही. दुखापत कोणाला होणार हे कशावरून कळत होतं, माहितीये? सुरुवातीला घेतलेल्या धावण्याच्या चाचणीवरून. ज्यांचा दम कमी, ते जास्त जखमी.

सर: म्हणजे दमसास वाढवा.

ताई: दमसास, ताकद, तोल. 2008 मध्ये नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर प्रयोग झाला. वीस मिनिटांचा वॉर्मअप: धावणं, दिशा बदलणं, पोटपाठीची ताकद, उडी मारून गुडघा सरळ ठेवत उतरणं, एका पायावर तोल. धरून ठेवलेला ताण एकही नाही. एकूण दुखापतींचा धोका सुमारे तिसऱ्या हिश्श्याने उतरला. फिफाने तोच कार्यक्रम ‘इलेव्हन प्लस’ म्हणून पसरवला. आणि मांडीमागच्या स्नायूसाठी डेन्मार्कमध्ये तपासलेला एक व्यायाम आहे. गुडघ्यावर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून पुढे सावकाश झुकायचं, जितकं रोखता येईल तितकं रोखत. 2011 चा अभ्यास. व्यायाम करणाऱ्या संघांत त्या स्नायूच्या दुखापती 15, न करणाऱ्यांत 52.

सरांनी लगेच एका मुलाला बोलावलं, त्याचे घोटे स्वतः धरले आणि ‘झुक’ म्हणाले. पोरगा वीतभर झुकला आणि धाडकन हातांवर आला. दुसऱ्याला बोलावलं, तोही तसाच. मग संघातला सगळ्यात लवचीक मुलगा, जो मघाशी कपाळ आरामात गुडघ्याला टेकवत होता, तो आला. तो सर्वांत आधी कोसळला. सर काही बोलले नाहीत, पण त्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या मते त्या संध्याकाळच्या सगळ्या आकडेवारीपेक्षा हे एक दृश्य सरांना जास्त पटलं.

सर: व्यायामानंतर अंग दुखू नये म्हणून ताण देतात, ते तरी खरं का?

ताई: जवळजवळ नाही. शंभरच्या मापात चारपेक्षा कमी फरक पडतो. दुसऱ्या दिवशी अंग आंबायचं ते आंबतंच.

सर: म्हणजे सगळंच मोडीत काढलंस.

ताई: नाही, आता तुमच्या बाजूचं सांगते. ब्लेझविच आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सांघिक खेळ खेळणाऱ्या वीस जणांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा ताण दिला, पण त्यानंतर पूर्ण वॉर्मअपही करून घेतला, धावणं, उड्या सगळं. मग मोजलं. कशानेच काही फरक पडला नाही. कमी वेळ धरलेला ताण पुढच्या धावपळीत पुसला जातो. आणि ज्या दिवशी ताण दिला होता, त्या दिवशी आपण चांगलं खेळू असं खेळाडूंना जास्त वाटत होतं.

सर: हे आधी सांगायचं सोडून तासभर माझी हजेरी घेतलीस होय!

ताई: कारण तुम्ही ताण देऊन थेट डाव सुरू करता. मधला वॉर्मअप कुठे आहे?

यावर सरांनी जे उत्तर दिलं ते कुठल्या अभ्यासात सापडणार नाही. ते म्हणाले, ‘त्या गोलात मी पोरांचं अंग बघत नाही, तोंड बघतो. कोण कण्हतंय, कोण डावा पाय लपवतंय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय. पळायला लागल्यावर हे दिसत नाही, सगळी सारखीच दिसतात.’ ताई त्यावर ‘ते तुम्ही चालता-फिरताही बघू शकता’ असं म्हणाली, पण तिच्या बोलण्यात आधीचा जोर नव्हता. मला विचाराल तर सरांचा गोल हा व्यायाम कमी आणि तपासणी जास्त आहे, आणि तो मोडायची गरज नाही. त्यातलं ओढून धरणं तेवढं काढून टाकलं तर बाकीचं उपयोगाचंच आहे.

शेजारच्या मल्लखांबावर तोवर दोन मुली चढल्या होत्या. तिकडे बोट दाखवून ताईने मान्य केलं की त्यांना मात्र चढण्याआधीही ताण धरावा लागेल, कारण तिथे पाय किती उघडतो यालाच गुण आहेत. शाळांतल्या ‘खेलो इंडिया’च्या चाचणीतही बसून पुढे वाकणं हा एक भाग आहेच. पन्नास मीटर धावणंही त्याच चाचणीत आहे, याची आठवण मी करून दिली. एकाच सकाळी दोन्ही असतील तर आधी धावून घ्या, एवढंच ताई म्हणाली.

सर: बरं, मग कार्यक्रम सांग. लिहून घेतो.

ताई: पाच मिनिटं हलकं धावणं, घाम फुटेपर्यंत. मग चालता चालता गुडघा छातीशी, मोठी पावलं टाकत कंबर खाली, पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं. झटका नाही, ताबा ठेवून. मग दहा खोल बैठका. मग चौरसात बसून ‘खो’वर सुटणं, आधी निम्म्या वेगाने, शेवटी पूर्ण. पंधरा मिनिटांत सगळं होतं.

सर: हे सामन्याच्या सुरुवातीचं झालं. नऊ मिनिटांचा डाव आहे. पहिली तुकडी आत गेली, तिघं चांगले निघाले तर चार-पाच मिनिटं बाहेर येत नाहीत. तिसरी तुकडी बाहेर मांडी घालून बसलेली. तुझी ऊब किती वेळ टिकते?

ताई: दहा-पंधरा मिनिटं बसलात की उतरते. थंडीत त्याच्याही आधी. म्हणून त्यांनी बसायचंच नाही. जागच्या जागी टाचा उचलून बारीक उड्या, चार बैठका, दोन पावलांची हूल, परत उड्या.

सर: जागा कुठाय? आमच्याकडे प्रेक्षक दोरीला खेटून उभे असतात. आणि पहिल्या तुकडीनेच डाव काढला तर तिसरी फुकट दमली.

ताई: फुकट कशी? लगेच पाठलागाचा डाव असतो. चौरसात बसून सुटायचं त्यांनाच आहे की.

सर: पाठलागाला मी तिसऱ्या तुकडीतले दोघं खांबावर ठेवतो. दमलेला पोरगा खांबावर चालत नाही.

ताई: चार बैठकांनी दमणारा पोरगा तुम्ही खांबावर ठेवताच कशाला?